जात्यावरची ओवी : स्मृती, संहिता आणि संगणकीय संग्रह

मराठी इतिहासलेखनाने ‘साधन’ या शब्दाला जो अर्थ दिला तो मूलतः कागदाचा अर्थ आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे आयुष्यभर ते गावोगावची दप्तरे धुंडाळत हिंडले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही याच निष्ठेतून. अस्सल कागदाशिवाय इतिहास नाही ही भूमिका बखरींच्या भाबड्या वापराविरुद्ध आवश्यकच होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिचा एक परिणाम असा झाला, की ज्या वाड्याच्या माळ्यावर कागदांचे रुमाल सापडत त्याच वाड्याच्या माजघरात पहाटे जाते घरघरत असे, आणि त्या घरघरीबरोबर जे काही म्हटले जात होते ते साधन या कोटीत बसू शकले नाही. राजवाड्यांना बोलीविषयी किंवा स्थलनामांविषयी अनास्था होती असे नव्हे. उलट त्यांचे कुतूहल अफाट होते. मात्र दळणारी स्त्री ही भूतकाळाविषयी काही साक्ष देऊ शकते, ही कल्पना त्या ज्ञानव्यवहाराच्या चौकटीतच नव्हती. तिचे गाणे हे ‘वाङ्मय’ ठरले, तेही ‘लोक’ हे विशेषण लावून. साक्ष ठरले नाही.

प्रस्तुत लेखात या ओवीचा जात्यापासून संगणकापर्यंतचा प्रवास तपासावयाचा आहे. तो प्रवास केवळ जतनाच्या साधनांतील बदल म्हणून पाहणे अपुरे आहे, असे मला वाटते. वही, छापील पुस्तक, ध्वनिफीत आणि संगणकीय संग्रह यांपैकी प्रत्येक माध्यम ओवी म्हणजे काय, ती कोणाची आणि तिने काय सिद्ध होते, यांविषयी वेगळा निवाडा देत आले आहे.

ओवीचे प्राचीनत्व सांगताना बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’चा दाखला नेहमी दिला जातो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे ओवीचा हा प्रसिद्ध उल्लेखच तिला स्त्रीच्या श्रमाशी जोडणारा आहे. पुढे ज्ञानेश्वरीने ओवीला ग्रंथाचे छंदरूप दिले आणि मराठी छंदःशास्त्राची चर्चा प्रामुख्याने या ग्रांथिक ओवीभोवती फिरत राहिली. जनाबाईच्या निमित्ताने जाते भक्तिपरंपरेत आले खरे, परंतु ते देवाच्या सहवासाचे स्थान म्हणून. दळणाऱ्या सामान्य बाईची ओवी ही या दोन्ही प्रकाशांच्या कडेला, अंधारात, शब्दशः पहाटेच्या अंधारात राहिली.

विसाव्या शतकात तिचा संग्रह सुरू झाला तो राष्ट्रीय भावनेच्या आणि सुधारणावादाच्या संदर्भात. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ हे या प्रयत्नांतील सर्वांत जिव्हाळ्याचे पुस्तक. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातील ओव्यांतून स्त्रीरचित रामकथा उभी केली. राज्याच्या लोकसाहित्य समितीच्या वतीने सरोजिनी बाबर यांनी खंडामागून खंड काढले. दुर्गा भागवतांनी ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून या क्षेत्राला शास्त्राची शिस्त लावली. ही कामे थोर आहेत आणि त्यांच्यावाचून पुढचे काहीच घडले नसते. तरीही त्यांतील एक समान संकेत लक्षात घेतला पाहिजे. मुखपृष्ठावर नाव संग्राहकाचे असते. गाणारीचे नाव आलेच तर बहुधा प्रस्तावनेतील आभारांत.

कमलाबाईंनी वापरलेला ‘अपौरुषेय’ हा शब्द या संदर्भात फारच बोलका आहे. त्यात श्लेष आहे: पुरुषाने न रचलेले ते अपौरुषेय, आणि वेदांप्रमाणे कोणीच न रचलेले तेही अपौरुषेय. पहिला अर्थ स्त्रीला कर्तेपण देतो, दुसरा ते काढून घेतो. लोकसाहित्याच्या अभ्यासाने व्यवहारात दुसराच अर्थ स्वीकारला, असे म्हणावे लागते. ओवी समूहाची, परंपरेची, मातीची. म्हणून कोणा एकीची नव्हे. या सिद्धांताला अपवाद ठरल्या त्या बहिणाबाई चौधरी. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि शेतात-घरात काम करता करता रचणारी एक निरक्षर स्त्री मराठीत ‘कवयित्री’ म्हणून मान्य झाली. बहिणाबाईंच्या प्रतिभेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यांच्या घरात सोपानदेव हे कवी होते, त्यांच्या रचना टिपून ठेवल्या गेल्या आणि त्या अत्र्यांपर्यंत पोचल्या, हेही तितकेच खरे. ज्यांच्या घरात कवी मुलगा नव्हता त्यांचे काय झाले, हा प्रश्न आपल्या समीक्षेने त्या वेळी विचारला नाही.

तो प्रश्न विचारला गेला तो साहित्याच्या क्षेत्राबाहेर. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्समधील, नंतर भारतीय झालेले गी प्वातवाँ हे पुण्यातून सामाजिक संशोधन आणि ग्रामीण संघटन यांचे काम करीत होते. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात, मुळशीच्या परिसरात, ‘गरीब डोंगरी संघटने’चे काम उभे राहिले. हा तोच भाग, जेथे १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह सुरू झाला होता. संघटनेच्या बैठकांत आणि स्वशिक्षणाच्या शिबिरांत शेतकरी स्त्रिया स्वतःविषयी सरळ बोलत नसत; बोलायला लागल्या की ओवीवर येत. सासर, माहेर, मुलीचा जन्म, भावाची वाट, नवऱ्याचे वागणे या विषयांवर जे गद्यात उच्चारता येत नाही ते ओवीत उच्चारता येते, कारण ओवी ‘मी’ म्हणते आणि तरीही ती परंपरेची म्हणून त्या ‘मी’ची जबाबदारी कोणी मागत नाही. म्हणजे ओव्या गोळा करण्याची सुरुवात वाङ्मयीन कुतूहलातून नव्हे, तर संघटनेच्या कामातून झाली. ओव्या टिपणाऱ्यांमध्ये संघटनेच्या कार्यकर्त्या होत्या आणि त्यांपैकी अनेकजणी स्वतः जात्यावर बसलेल्या होत्या. संग्राहक आणि गाणारी यांच्यातील वर्गीय अंतर, जे आधीच्या जवळजवळ सर्व संग्रहांत गृहीत होते, ते येथे पुष्कळ कमी झाले. नागरी सहभाग हा शब्द आज सैलपणे वापरला जातो. त्याचा काही ठोस अर्थ असेल तर तो अशा ठिकाणी शोधला पाहिजे.

सुमारे दोन दशकांत एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. गाणाऱ्या स्त्रिया तीन हजारांहून अधिक, गावे हजाराहून अधिक. एवढा पसारा वहीत मावत नाही, किंवा मावला तरी वहीतून परत बाहेर काढता येत नाही. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या कामात आले. बेल हे संगणकशास्त्र आणि संगीत या दोन्हींत वावरणारे संशोधक. जेम्स किपन यांच्यासह १९८० च्या दशकात त्यांनी तबल्याच्या रचनांचे व्याकरण संगणकावर मांडणारी ‘बोल प्रोसेसर’ ही प्रणाली विकसित केली होती. त्यांनी ओव्यांचा विदासंच उभारला आणि शंभरावर तासांचे ध्वनिमुद्रण केले. ज्या काळात संगणकावर देवनागरी लिहिणे म्हणजे एखाद्या विशिष्ट टंकाच्या कैदेत जाणे होते, त्या काळात हे काम झाले हे विसरू नये. या सामग्रीचा पुढील प्रवासही नमूद करण्याजोगा आहे. ती आधी गुरगावच्या मानववंश-संगीतविषयक अभिलेखागारात होती. नंतर फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हांस येथील वाक्-विदेच्या संग्रहात गेली. प्वातवाँ २००४ साली वारले. पी. साईनाथ यांनी २०१४ च्या डिसेंबरात सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ (‘पारी’) या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडे बेल यांनी तो विदासंच सुपूर्द केला आणि मार्च २०१७ पासून नमिता वाईकर यांच्या पुढाकाराने तेथून या ओव्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. मुळशीतून निघालेली ओवी फ्रान्समार्गे परत मराठी वाचकाकडे आली, यात अभिमान वाटावा की खंत, हे ज्याने त्याने ठरवावे. आपल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांना मात्र थोडी खंत वाटायला हरकत नाही.

आता या संग्रहाच्या स्वरूपाकडे वळू. त्याचे वेगळेपण स्पष्ट होण्यासाठी पुण्यातच झालेल्या दुसऱ्या एका महाप्रकल्पाशी त्याची तुलना उपयुक्त ठरेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. १९२५ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत वि. सी. सुकथनकर हे त्याचे मुख्य संपादक होते. देशभरातून हस्तलिखिते जमविण्यात आली, ओळीमागून ओळ ताडून पाहण्यात आली आणि उपलब्ध पुराव्याच्या आधारे जितक्या जुन्या पाठापर्यंत पोचता येईल तितका पाठ वर छापून बाकीचे सारे पाठभेद तळटिपांत ठेवण्यात आले. सुकथनकरांनी आपण व्यासांचा मूळ शब्द परत आणला असा दावा कधीच केला नाही. त्यांची बौद्धिक सचोटी आदर्शवत होती. परंतु या पद्धतीची दिशा निश्चित आहे: अनेकांकडून एकाकडे, फांद्यांकडून बुंध्याकडे. पाठभेद हा काळाच्या ओघात साचलेला गाळ आहे आणि संपादकाने तो बाजूला करावयाचा आहे.

ओवीच्या संग्रहात ही दिशा उलटी होते. एकच ओवी परभणीत एका तऱ्हेने, मावळात दुसऱ्या तऱ्हेने, आणि मावळातीलच दोन जावांच्या तोंडी तिसऱ्या-चौथ्या तऱ्हेने येते. विदासंचात या चारही स्वतंत्र नोंदी आहेत, समान दर्जाच्या. वर आणि तळटीप असा भेद तेथे नाही. मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी बाल्कन प्रदेशातील गायकांच्या अभ्यासातून जो निष्कर्ष काढला आणि जो लॉर्डच्या १९६० सालच्या ‘द सिंगर ऑफ टेल्स’ या ग्रंथात मांडला गेला, तो असा, की मौखिक परंपरेत प्रत्येक सादरीकरण हेच मूळ असते; ‘मूळ पाठ’ ही लेखनसंस्कृतीची कल्पना आहे. मराठी अभ्यासकांनी हे वाचले होते, त्यावर लिहिलेही होते. पण छापील पुस्तकाच्या अर्थकारणात एका ओवीची चाळीस रूपे छापणे कोणत्याच प्रकाशकाला परवडणारे नव्हते, तेव्हा संग्राहक ‘चांगली’ ओवी निवडीत असे. निवडीचा हा निकष कोणता? बहुधा ग्रांथिक काव्याच्या अभिरुचीचा. म्हणजे सिद्धांत मौखिकतेचा आणि संपादन ग्रंथाचे, अशी विसंगती आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासात दीर्घकाळ नांदत होती. संगणकाने ती सोडविली ती कोणत्याही तात्त्विक प्रगल्भतेमुळे नव्हे. साठवणीची जागा स्वस्त झाली म्हणून. तंत्रविज्ञान सिद्धांताच्या मागे नसते, तसे पुढेही नसते. कधीकधी ते केवळ कागदाची टंचाई दूर करते आणि त्यामुळे एक जुना सिद्धांत प्रथमच अमलात आणता येतो.

मात्र संगणकीय संग्रह निवड करीत नाही, असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्याची निवड वर्गीकरणात लपलेली असते. प्वातवाँ आणि राईरकर यांनी अक्षरे आणि आकडे यांच्या साखळ्यांची एक विस्तृत आशयसूची तयार केली: सीता, दळण, आई, लेक, बहीण-भाऊ, पंढरी, आंबेडकर असे विषय आणि त्यांच्या पोटात उपविषय. ही सूची म्हणजे एक मोठे भाष्यच आहे. ‘स्टोनमिल अँड भक्ती’ (१९९६) या ग्रंथात त्यांनी दळणाऱ्या स्त्रियांची भक्ती आणि स्वामींचे भक्तितत्त्वज्ञान यांच्यातील जे अंतर दाखविले, त्याची बीजे वर्गीकरणातच आहेत. परंतु जात्यावर बसलेली बाई विषयवार गात नाही. ती पंढरीहून भावाकडे, भावाहून पावसाकडे आणि पावसाहून मुलीच्या जन्माकडे जाते. त्या जाण्याला एक अंतर्गत तर्क असतो, साहचर्याचा, आणि तोच तिच्या मनाचा इतिहास असतो. विदासंचाचा एकक मात्र दोन ओळींची ओवी हा आहे. पहाटेचा सलग प्रवाह तोडून त्याचे दाणे केले जातात आणि मग ते दाणे दुसऱ्या गावांतील दाण्यांबरोबर एका कणगीत पडतात. संशोधकाला सीतेविषयीच्या शेकडो ओव्या एका ठिकाणी मिळतात, ही मोठी सोय आहे. त्या सोयीची किंमतही मोठी आहे.

या संग्रहातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अडचणीची गोष्ट म्हणजे प्रत्येक ओवीसोबत येणारी गाणारीची नोंद. ‘पारी’वर ओवीच्या पाठाखाली गायिकेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुले, व्यवसाय आणि ध्वनिमुद्रणाची तारीख दिलेली असते; अनेकदा छायाचित्रही असते. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आज जगभर ऐकला जातो आणि तो त्यांच्या नावानिशी ऐकला जातो. ‘अपौरुषेय’ या शब्दातील दुसरा अर्थ येथे संपतो. ओवी परंपरेची आहेच, पण ती या बाईने, या गावी, या दिवशी म्हटली. बहिणाबाईंना जे योगायोगाने मिळाले ते तीन हजार स्त्रियांना पद्धतीने मिळाले, असे म्हणता येईल.

पण नोंदीची ही चौकट जरा पुन्हा वाचून पाहावी. जात, मुले, व्यवसाय. कोणत्या कवितासंग्रहात कवीच्या नावाखाली त्याला किती मुले आहेत हे छापतात? कोणत्या प्रातिनिधिक संकलनात कवीची जात रकान्यात भरलेली असते? ही चौकट साहित्याची नाही. ती समाजशास्त्रीय पाहणीची आहे. गाणारीला नाव मिळाले ते लेखिका म्हणून की माहितगार म्हणून, असा प्रश्न येथे उभा राहतो. याचे उत्तर मला एका बाजूने देता येत नाही. त्याचे कारण आंबेडकरांविषयीच्या ओव्या.

बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली काही स्त्रियांनी गायिलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या आणि एप्रिल २०१७ मध्ये, आंबेडकर जयंतीच्या महिन्यात, त्या ‘पारी’वर प्रसिद्ध झाल्या. या ओव्यांत बाबासाहेब कधी भावाच्या, कधी पित्याच्या, कधी नवरदेवाच्या रूपात येतात. म्हणजे माहेरच्या नात्यांची जी भाषा ओवीने शतकानुशतके घडविली होती, तीच भाषा एका राजकीय चळवळीला वाहून नेते. भावाची वाट पाहण्याचे जे जुने रूपबंध होते त्यांत आता भीमराव येतात. साहित्येतिहासाच्या दृष्टीने ही विलक्षण घटना आहे. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात झालेल्या धर्मांतराचे, त्याच वर्षी ६ डिसेंबरला झालेल्या महापरिनिर्वाणाचे पडसाद शाहिरांच्या जलशांत आणि पुढे दलित साहित्यात कसे उमटले, हे आपल्याला ठाऊक आहे. ते स्त्रियांच्या जात्यावर कसे उमटले, हे ठाऊक नव्हते. मध्यमवर्गीय संग्राहकांच्या पुस्तकांत या ओव्या विरळाच. त्या संग्राहकांनी ठरवून वगळल्या असेही नाही. त्यांची पावले ज्या वस्त्यांत जात होती त्या वस्त्यांत या ओव्या गायिल्या जात नव्हत्या.

या ओव्यांचा अर्थ जातीची नोंद पुसून लावता येत नाही. ‘एक मराठी स्त्री’ म्हणून ती ओवी छापली तर तिच्यातील इतिहास हरवतो. म्हणून जातीचा रकाना हवा. तथापि, त्याच रकान्यात ‘नवबौद्ध’ असा शब्द येतो, तेव्हा रकाना आणि शब्द यांच्यातील झगडा स्पष्ट दिसतो. जात सोडण्यासाठी जो धर्म स्वीकारला त्याचेच नाव जातीच्या रकान्यात भरले जाते. वर्गीकरण करणाऱ्याचा हा दोष नाही; आपल्या समाजाच्या नोंदवहीचाच तो दोष आहे आणि संगणकाने तो फक्त स्वच्छ टंकात दाखविला आहे. ‘अभिलेखागार’ या शब्दाच्या ग्रीक पूर्वजात दंडाधिकाऱ्याचे घर आहे, असे देरिदा यांनी १९९४ च्या लंडनमधील व्याख्यानात दाखवून दिले होते: जो कागद राखतो तोच कागदाचा अर्थ लावण्याचा अधिकारही राखतो. गावच्या दप्तरात जातीची नोंद कोणी आणि कशासाठी केली, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना देरिदा वाचावे लागत नाहीत.

याला जोडून संमतीचा प्रश्न येतो. १९९६ साली ध्वनिमुद्रणाला ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रीसमोर आंतरजाल नव्हते. आपला आवाज, आपले नाव आणि आपली जात कोणत्याही देशातील कोणालाही, कोणत्याही वेळी शोधता येईल, ही गोष्ट तिच्याच काय, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्याही कल्पनेत असणे कठीण होते. या बाबतीत ऑस्ट्रेलियातील वारुमुंगु समाजाचे उदाहरण उद्बोधक आहे. टेनंट क्रीक येथील या आदिवासी समाजाने किंबर्ली ख्रिस्टन यांच्या सहकार्याने २००७ साली ‘मुकुर्तु’ हा स्वतःचा संगणकीय संग्रह उभारला. त्यात कोणते छायाचित्र वा गीत कोणी पाहावे-ऐकावे हे त्या समाजाचेच नियम ठरवितात: कुटुंब, लिंग, विधीतील स्थान यांनुसार दारे उघडतात किंवा बंद राहतात. मुकुर्तु म्हणजे मौल्यवान वस्तू ठेवण्याची पिशवी. माहिती सर्वांना मुक्त असावी, हे आपले उदारमतवादी गृहीतक तेथे सरळ नाकारलेले आहे.

ओवीला हे प्रतिमान जसेच्या तसे लावता येणार नाही. ओवी ही गुप्त विद्या नव्हती. तरी तिलाही एक आडोसा होता. पुरुष झोपलेले असतानाचा तो काळ, दोनच बायका, जात्याची घरघर. सासूविषयीची ओवी सासूच्या कानी पडते की नाही, याचा अंदाज घेऊनच म्हटली जाई. त्या आडोशामुळेच तिला बोलता येत होते. आज संघटनेच्या शिबिरातून, ध्वनिफितीतून आणि पडद्यावरून तो आडोसा टप्प्याटप्प्याने गेला. ‘पारी’च्या कार्यकर्त्यांनी २०१७ नंतर जुन्या गायिकांच्या गावी पुन्हा जाऊन त्यांची चित्रफीत घेतली, त्यांना पुन्हा गायला लावले, हे या दृष्टीने योग्य पाऊल होते; निदान त्यामुळे संग्रह हा एकदाच दिलेल्या होकारावर उभा राहत नाही. ज्या तोवर वारल्या होत्या त्यांच्या बाबतीत मात्र हे शक्य नव्हते.

मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ सालीच असे प्रतिपादन केले होते, की व्यक्तीची स्मृती समाजाच्या चौकटींत उभी असते. चौकट मोडली की आठवण विरते. ओवीची चौकट जाते ही होती. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि ती चौकट मोडली. त्याविषयी हळहळणाऱ्या शहरी अभ्यासकाने एकदा तरी दोन पायली जोंधळे दळून पाहावेत; गिरणीने बायकांच्या खांद्यांना जी विश्रांती दिली तिची भरपाई कोणत्याही काव्याने झाली नसती. गिरणीनंतरही ओवी लगेच मेली नाही. लग्नाच्या हळदीचे जाते, बारशाचा पाळणा अशा विधींत ती राहिली. पण रोजची ओवी, जी रोजच्या दुःखाबरोबर बदलत होती, ती थांबली. नव्या ओव्या रचणे थांबले की संग्रहातील नोंदी वाढत नाहीत, त्या फक्त जुन्या होतात. डायाना टेलर यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात संग्रह आणि सादरीकरणाचा देहधारी साठा यांत जो भेद केला आहे तो येथे तंतोतंत लागू पडतो. विदासंचात ओवी आहे. ओवी रचण्याची रीत नाही. ती रीत दोन बायकांच्या हातांतील एका खुंट्यात होती.

तरीसुद्धा ध्वनिमुद्रण ऐकताना मुद्रित पाठापेक्षा काही अधिक हाती लागते, हे सांगितले पाहिजे. लिहून घेतलेली ओवी दोन ओळींची, आटोपशीर, जवळजवळ अभिजात दिसते. गायिलेली ओवी तशी नसते. पहिली ओळ अर्ध्यावर मोडून पुन्हा उचलली जाते, मध्ये सखीला हाक येते, एखादे पद दोनदा-तीनदा घोळविले जाते, श्वासासाठी शब्द मधोमध तुटतो. छंदःशास्त्राने ज्या ओवीची मात्रागणना केली ती लिहिणाऱ्याने या पुनरुक्ती गाळून सिद्ध केलेली ओवी आहे. संगणकीय संग्रहात पाठ आणि ध्वनी शेजारी शेजारी असल्याने ही गाळणी प्रथमच उघडी पडते. मराठी छंदोविचाराची एक शाखा येथून नव्याने सुरू होऊ शकेल. परंतु त्यासाठी विद्यार्थ्यांनी पाठ वाचण्याआधी ध्वनी ऐकावा लागेल, आणि आपल्या अभ्यासक्रमांना अजून कानांची सवय नाही.

काही ध्वनिमुद्रणांत बायका गटाने गातात. एक सुरुवात करते, दुसरी शेवटचे पद उचलते, बाकीच्या मागून येतात. अशा वेळी विदासंचातील ‘गायिका’ या रकान्यात एकीचे नाव लिहावे की सगळ्यांची, असा पेच नोंद करणाऱ्यापुढे पडतो, आणि सगळ्यांची नावे लिहिली तरी अर्धी ओळ कोणाची हे त्यातून समजत नाही.